क्रमांक सातची बेचाळीस पानं

बाबा,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते. तुम्हाला पत्राच्या सुरुवातीला खुशाली लागायची. ती नंतर.

१. ऑक्टोबरात आमच्या कंपनीनं पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्याला वाचनाचे टॅबलेट चाचणीसाठी दिले. चौदा कामगार, सहा आठवडे.

२. कारखान्याची नियमपुस्तिका, बेचाळीस पानं, टॅबलेटवर घातली. समोरचा कॅमेरा वाचणाऱ्याचे डोळे पाहतो. डोळे ओळींवरून ठरावीक वेळ फिरले तर ते पान ‘वाचलं’ अशी नोंद होते.

३. तेरा कामगारांची नोंद नीट आली. क्रमांक सातची नोंद अशी आली: पानं बेचाळीस, वाचलेली शून्य.

४. मी तसा अहवाल पाठवला.

५. अहवाल पाठवल्यानंतर माझ्या लक्षात आलं की चूक कामगाराची नव्हती, मोजण्याच्या नियमाची होती. तो नियम मी लिहिला होता.

६. कारखान्यानं क्रमांक सातला टेस्ट बेंचवरून काढून पॅकिंगला लावलं. क्रमांक सातचा करार वर्षावर्षाचा असतो. पुढचं वर्ष द्यायचं की नाही हे येत्या शुक्रवारच्या बैठकीत ठरेल.

७. मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही.

आता खुशाली. मी तोक्योत निशी-कसाईला राहते, सहा वर्षं झाली. इथं आपली माणसं पुष्कळ आहेत, दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, शेजारच्या फ्लॅटमधली साताऱ्याची बाई मला रविवारी पोहे आणून देते आणि लग्नाचं विचारते. मी डबा धुऊन परत करते. मी इथं यायचं ठरवलं तेव्हा इथल्या मोठ्या भूकंपाला वर्षच झालं होतं. आई फोनवर म्हणाली, “जिथली जमीन हलते तिथं जाऊन तू काय शिकवणार लोकांना?” तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत नाही. तुम्हाला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तुमचा विरोध किंवा परवानगी, दोन्हींपैकी काहीच माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची मला फार उणीवही भासली नाही.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. कामाच्या ठिकाणी लोकांना जे वाचायला देतात ते लोक खरंच वाचतात की वाचल्यासारखं करतात, हे शोधणारी यंत्रणा आम्ही बनवतो. मुलाखतीत मला विचारलं होतं, या विषयात रस कसा निर्माण झाला. मी पाठ करून ठेवलेलं उत्तर दिलं. ते त्यांना आवडलं. खरं उत्तर तुम्ही होतात, पण ते नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं नव्हतं.

आपलं ठाण्याचं स्वयंपाकघर आठवा. कॉम्प्युटर माझ्यासाठी घेतला होता, पण फ्रिजशेजारचा प्लग तेवढा मोकळा म्हणून तो तिथं. आई पोळ्या लाटायची आणि पिठाची धूळ कीबोर्डवर बसायची. तुमच्या बँकेत कॉम्प्युटर येणार होते. प्रत्येकाला एक सीडी दिली होती, धडे चोवीस, प्रत्येक धड्याच्या शेवटी दहा प्रश्न. सगळे धडे पूर्ण केले की छापून घेण्यासारखं प्रमाणपत्र. तुम्ही ऑफिसातून येता, हातपाय धुता, चष्मा पुसता आणि स्टुलावर बसता, पूजेला बसावं तसे. आणि वाचता ते स्क्रीनच्या काचेवर बोट ठेवून. एकेक ओळ, बोटाखालून. जुन्या मॉनिटरची काच बोट लागलं की चटचट करायची. तुम्ही पुटपुटत वाचायचात, मध्येच थांबून भिंतीकडे बघायचात, पुन्हा बोट खाली. एका धड्याला एक तास. मी पंधरा वर्षांची आहे, मला माझा प्रोजेक्ट टाइप करायचा आहे, आणि सकाळी त्या काचेवर तुमच्या बोटाच्या तेलकट रेघा दिसतात.

मी म्हणते, “बाबा, बोट काढा ना. डाग पडतात. आणि आता कोणी बोट ठेवून वाचत नाही.”

तुम्ही बोट काढलंत. रागावलाही नाहीत. पण त्यानंतर तुमची ओळ चुकायला लागली. एकाच ओळीवर दोनदा यायचात, मग ओशाळून हसायचात. चौथ्या धड्याला म्हणालात, “तू वाच, मी ऐकतो.” सातव्याला म्हणालात, “उत्तर तू दाब, माझा हात थरथरतो.” दहाव्या धड्यापासून तुम्ही स्टुलावर नव्हतातच, बाहेर बातम्या बघत होतात आणि मी पटापट ‘पुढे’ दाबत होते. शेवटचे पंधरा धडे मी दोन संध्याकाळी संपवले. प्रमाणपत्रावर तुमचं नाव आलं. दोनशे चाळीसपैकी दोनशे अडतीस. दोन चुका मी मुद्दाम केल्या होत्या, खरं वाटावं म्हणून. एवढी अक्कल मला तेव्हाच होती.

पुढच्या रविवारी काका जेवायला आले होते. मी गमतीत म्हणाले, “बाबांच्या परीक्षेत मी पहिली आले.” काका हसले. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “तू नुसती बटणं दाबलीस. काम मी करतो.” हे वाक्य मी तुमच्या बाकी सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. इंजिनियरिंगला पहिली आले तेव्हा, इथली नोकरी लागली तेव्हा, माझा पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा. नुसती बटणं. एका बाबतीत ते खरं होतं: तुम्हाला बँकेचं काम येत होतं. काउंटरपाशी माणूस येताना दिसला की त्याचा खातेनंबर तुमच्या तोंडावर असायचा. बटणं येत नव्हती, ती मी दाबली. पण दाबायला तुम्हीच सांगितलं होतंत.

आता क्रमांक सात. कारखान्यात त्यांना सगळे हान्चो म्हणतात. हान्चो म्हणजे आपल्याकडचा मुकादम. वय त्रेसष्ट. निवृत्त झाल्यावर पुन्हा वर्षाच्या करारावर घेतलेले. तयार झालेला प्रत्येक पंप त्यांच्या टेस्ट बेंचवर येतो, त्यात दाबानं पाणी सोडतात, कुठून थेंब येतो का बघतात. पहिल्या दिवशी मी टॅबलेट लावायला गेले तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

“सेन्सेई, हा माझ्याकडे बघणार म्हणे?”

मी सांगितलं की मी शिक्षिका नाही, इंजिनियर आहे, आणि हो, कॅमेरा डोळे पाहतो.

“माझी बायको चाळीस वर्षं बघतेय. तिला काही सापडलं नाही. याला सहा आठवड्यांत सापडणार?”

मागचे दोघे हसले. मी हसले नाही, कारण मला जोडणी तपासायची होती. ते बसले, उजव्या हातमोज्याची घडी करून खिशात ठेवली, आणि एकतिसावं पान उघडलं. भूकंपानंतर यंत्रं कोणत्या क्रमानं बंद करायची, ते पान. म्हणाले, “हे मीच लिहिलंय. शाळेत मला निबंधाला कधी चांगले मार्क नव्हते.” जुन्या पुस्तिकेत होतं की आधी वीज तोडा. मोठ्या भूकंपाच्या दिवशी त्यांनी तसं केलं. वीज तोडल्यावर विजेवर चालणारे व्हॉल्व्ह बंद होईनात, आणि टाकीतलं सगळं पाणी कारखान्यात. नंतर त्यांनी घरी बसून नवा क्रम लिहिला: आधी व्हॉल्व्ह, मग वीज. तेव्हापासून पुस्तिकेत तेच पान आहे. मी म्हटलं, छान. हे सगळं मी त्या दिवशी ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा.

इथं कामाची एक पद्धत आहे. जे तपासायचं त्याच्याकडे बोट दाखवायचं, ते मोठ्यानं म्हणायचं आणि शेवटी ‘योशी’ म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. रोज सकाळी निशी-कसाईच्या फलाटावर गाडीचा गार्ड पांढऱ्या हातमोज्याचं बोट दाराकडे, मग सिग्नलकडे करतो आणि एकटाच बोलतो. मी सहा वर्षं त्याच्यासमोर उभी राहून मोबाइलमध्ये बघते आहे. हान्चो पुस्तिकाही तशीच वाचतात. ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं, मग मान वर करून बेंचवरच्या त्या व्हॉल्व्हकडे बघून, योशी, आणि मग पुढची ओळ. सहा आठवडे ते रोज एक-दोन पानं अशी वाचत होते. बोट स्क्रीनवरून उचलतच नव्हते.

आणि मी नियम असा लिहिला होता: स्क्रीनला बोट लागलं की डोळ्यांचं मोजमाप थांबवायचं. बोट लागलं म्हणजे माणूस पान उलटतो आहे, आणि पान उलटताना कोणी वाचत नाही. मला तो नियम लिहायला दोन मिनिटंही लागली नसतील. त्यात तपासण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. बोट ठेवून कोणी वाचत नाही हे मला पंधराव्या वर्षापासून माहीत होतं.

अहवालातलं ते शून्य सगळ्यांना आवडलं. आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “सगळेच उत्तीर्ण झाले असते तर आपल्या यंत्रानं काय शोधलं, हे कसं दाखवणार? कुलकर्णी-सान किंवा सुझुकी-सान असा माणूस नको, आकडा हवा. हा आकडा फार स्वच्छ आहे.” ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. ते आडनावं अशीच उदाहरणादाखल घेतात, माझंही. मला क्रमांक सातचं आडनावही माहीत नव्हतं, यादीत आकडाच होता. आणखी तीन कारखान्यांनी टॅबलेट मागवले. विभागानं मला फुलं दिली.

मागच्या मंगळवारी मी कारखान्यात टॅबलेट परत आणायला गेले. बेंचवर दुसरा माणूस होता. हान्चो मागच्या शेडमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. प्रत्येक खोक्याच्या लेबलाकडे बोट, नंबर मोठ्यानं, योशी. मला बघून त्यांनी टोपी काढली.

“सेन्सेई, आता मला खोकी दिली आहेत. खोक्यांतून पाणी गळत नाही, निवांत आहे.”

मी विचारलं, “तुम्ही पुस्तिका वाचत होतात ना?”

“रोज. पण यंत्र म्हणतंय वाचली नाही.” त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडली. “आमच्या साहेबांनी मला तो कागद दाखवला. शून्य. मी घरी जाऊन विचार केला, बुवा, आपण वाचत होतो की नुसते बोलत होतो? या वयात माणसाला सांगता येत नाही. यंत्र कशाला खोटं बोलेल?”

मी म्हटलं, “तपासून बघते.” इथल्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हटलं जातं आणि नंतर त्याचं काय झालं ते कोणी विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. उलट थंडीत आलात म्हणून नाणी टाकायच्या मशीनमधून गरम कॉफीचा छोटा डबा काढून माझ्या हातात दिला. परतीच्या गाडीत तो डबा निवेपर्यंत माझ्या हातात होता. कॉफी मी प्यायले नाही.

माणूस स्वतःच्या वाचण्यावर शंका घ्यायला लागतो आणि तरी समोरच्याच्या हातात काहीतरी देतो, हे मी आधी एकदा पाहिलं आहे. प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला काउंटरवरून काढून आवक-जावकला बसवलं. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची. तुम्ही घरी फक्त एवढंच म्हणालात, “बदली झाली, त्याच शाखेत.” आणि ऑफिसच्या पिशवीतून पानं उलटताना बोटाला लावायची ती रबरी टोपी काढून मला दिलीत. “आता मला लागत नाही. तुला अभ्यासाला होईल.” मला किळस आली. ती तुमच्या बोटाच्या आकाराची झाली होती. मी ती कंपासपेटीत टाकली, ती उन्हाळ्यात चिकट झाली आणि मी फेकून दिली. तुम्ही पुन्हा कधी कॉम्प्युटरजवळ आला नाहीत. मी कधी विचारलं नाही, कारण मला वाटत होतं की मला माहीत आहे. कोणीतरी तुम्हाला मशीनसमोर बसवलं असेल आणि तुम्हाला काही येत नाही हे उघडं पडलं असेल. म्हणजे माझ्यामुळे. पाच वर्षं मी तुमच्याशी त्याच अपराधीपणातून चिडून, तुसडेपणानं वागले. मग एका दुपारी तुम्ही शिक्का हातात असतानाच गेलात.

तेराव्याला तुमच्या बँकेतले दोघे आले होते. मी पाणी द्यायला गेले तेव्हा ते दबक्या आवाजात बोलत होते.

“स्वतः केबिनमध्ये गेले होते हो. म्हणाले, साहेब, ते सर्टिफिकेट माझ्या मुलीचं आहे, माझं नाही. मला काउंटरला ठेवू नका, कोणाच्या तरी खात्यात घोळ होईल.”

“कसलं स्वतः. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, एक एंट्री करून दाखवा. मग माणूस काय करणार? सांगावंच लागलं.”

“मी तिथं होतो.”

“मी काय सुट्टीवर होतो?” मग त्यांना मी दिसले. “जाऊ दे, आज कशाला तो विषय. तू जिलबी घे.”

मी तांब्या ठेवला आणि आत गेले. विचारता आलं असतं. दोघेही समोर होते, दोघेही जिवंत होते. मी आत जाऊन भांडी मोजली.

या दोन्हींत फरक आहे आणि तो मला आता कळायला हवा आहे. तुम्ही आपण होऊन गेला असाल, तर मी इतकी वर्षं भलत्याच माणसावर चिडले होते आणि तुम्ही मला ते कळू दिलं नाहीत. जेवताना चारचौघांत मला गप्प करता आलं, पण केबिनमध्ये जे बोललात ते घरी येऊन बोलता आलं नाही. आणि तुम्ही पकडले गेला असाल, तर तुम्ही माझ्यासारखेच होतात, वाट बघणारे. मला तुमचं कौतुकही करायचं नाही आणि माफीही द्यायची नाही. मला फक्त माहिती हवी आहे.

शुक्रवारच्या बैठकीला कारखान्याचे साहेब, बुचो आणि मी. बुचोंना लिहिलेली मेल तयार आहे, चार ओळींची: नियम चुकीचा, क्रमांक सातची नोंद रद्द करावी, बाकीच्या कारखान्यांत यंत्र लावू नये, जबाबदारी माझी. ती अकरा दिवस ड्राफ्टमध्ये पडून आहे. हे पत्र तिच्याच शेजारी ठेवेन. दोन्हींपैकी हे जाणार नाही हे मला माहीत आहे. त्याच्यासाठी पत्ता नाही. दुसरीचं अजून ठरलेलं नाही.

एक दुरुस्ती. वरचा क्रमांक पाच बरोबर नाही. अहवाल पाच वाजता पाठवायचा होता. साडेचारला मी क्रमांक सातची मूळ नोंद उघडली होती. त्यात बोटाच्या स्पर्शाची रेघ पानाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड होती, एका पानावर, दुसऱ्यावर, सगळ्या बेचाळीस पानांवर. पान उलटणारं बोट इतका वेळ टेकत नाही. ते कशासाठी टेकतं हे मला बघता क्षणी कळलं. मी ते स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. मी खिडकी बंद केली आणि बटण दाबलं. क्रमांक पाच असा वाचावा: अहवाल पाठवण्याआधी अर्धा तास मला चूक कळली होती.

तर विचारायचं एवढंच. तुम्ही स्वतः गेला होतात, की तुम्हाला दाखवायला सांगितल्यावर बोललात?

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवावं. बैठक शुक्रवारी दहाला आहे.